पिलांची ऊब : साधन कोणतें निवडावें?

खेड व मावळ या तालुक्यांतील जमीनधारकांची स्थिति आतां पूर्वीसारखी राहिलेली नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 सालीं झाली. त्यानंतर पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढें तळेगांव, चाकण असा कारखान्यांचा पट्टा सरकत आला, व पुष्कळांच्या सात-बाऱ्यावर एकरांच्या ऐवजीं गुंठेच उरले. या उरलेल्या गुंठ्यांवर कांदा, बटाटा अगर भात यांच्या जोडीस पांचशें-हजार कोंबड्यांची शेड घालणारे शेतकरी आमच्या भागांत गांवोगांव आहेत. या धंद्यांत नफा-तोटा पुष्कळ अंशीं पहिल्या दहा दिवसांतच ठरतो. आणि त्या दहा दिवसांत पिलांस खाद्यापाण्याच्या बरोबरीनें जी वस्तु लागते ती ऊब होय. थंडीच्या दिवसांत ही ऊब कशानें द्यावी, दिव्यानें, गॅसनें कीं कोळशानें, याविषयीं चार कुक्कुटपालक एकत्र जमले कीं चार मतें ऐकूं येतात. त्यांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. निवृत्तीनंतर शेड घातली तेव्हां आकड्यांच्या कामांत आपण चुकणार नाहीं असा आमचा समज होता. पहिली तुकडी 500 पिलांची होती. महिना पौष. पांचशें पिलांस दहा दिवे पुरतात असें ऐकलें होतें, म्हणून दुकानांतून दहा दिवे आणून टांगले. उजेड लख्ख पडला व आम्ही समाधानानें निजलों. पहांटे दार उघडून पाहतों तों सारीं पिलें एका कोपऱ्यांत एकावर एक चढून बसलेलीं, आणि ढीग हलविल्यावर खालचीं 41 पिलें गुदमरून मेलेलीं! कारण मागाहून उमगलें. ज्या दहा दिव्यांची गोष्ट आम्हीं ऐकली होती ते जुन्या पद्धतीचे, तारेचे, 100 वॅटचे दिवे होते. आम्हीं आणले ते 9 वॅटचे एल. ई. डी. दिवे. पहिल्या दिव्यांची उष्णता 1000 वॅटची, दुसऱ्यांची सारी मिळून 90 वॅटची. म्हणजे पाहिजे तिचा दहावा हिस्साही नव्हे. आम्हीं दिवे मोजले, वॅट मोजले नाहींत. नोंदवहींत 'मयत 41' असा आंकडा आमच्याच हातानें लिहावा लागला.

दुसऱ्या तुकडीस आम्हीं कोळशाच्या शेगड्या मांडल्या व वारा लागूं नये म्हणून पडदे चोहों बाजूंनीं घट्ट बांधले. राखणीस पुतण्या शेडमध्येंच निजला. मध्यरात्रीं त्याचें डोकें ठणकूं लागलें, उलटी झाली, आणि तो भिंतीस धरून कसाबसा बाहेर आला. हवेंत पडल्यावर त्यास बरें वाटलें, ही ईश्वराची कृपा. एवढ्या अनुभवानंतर ऊब हा विषय अंदाजानें चालविण्याचा नव्हे, हें आमच्या ध्यानांत आलें.

मग एकदां पिंपरीस भगिनीकडे गेलों असतां एक चमत्कारिक वस्तु पाहण्यांत आली. भाचा तेथील एका कारखान्यांत नोकरीस आहे. त्यानें हौसेनें कांचेच्या पेटींत एक परदेशी ठिपक्यांची पाल पाळली आहे. पेटीच्या एका टोकाखालीं विजेनें तापणारी पातळ चटई, तिला जोडलेली आपोआप चालू-बंद होणारी कळ, आणि पेटीच्या दोन्ही टोकांस दोन उष्णतामापक. उबेच्या बाजूची जमीन सुमारें 32 अंश, दुसरी बाजू त्याहून बरीच थंड. आम्हीं विचारलें, "अरे, सारीच पेटी कां तापवीत नाहींस?" तो म्हणाला, "मामा, हिच्या अंगांत स्वतःची ऊब नाहीं. हवी तेव्हां ती इकडे येते, पुरे झालें कीं तिकडे जाते. तिला जायला जागा नसेल, तर तीच ऊब तिला मारील." एका पालीसाठीं दोन उष्णतामापक व एक कळ, आणि आमच्या पांचशें पिलांस एकही नाहीं! आम्हांस मनांतून लाज वाटली.

ही तुलना विनोदाची नव्हे. कोंबडी हा उष्ण रक्ताचा पक्षी. तिच्या शरीराची उष्णता सुमारें 41 अंश सेंटिग्रेड, म्हणजे 106 अंश फॅरनहाइट असते, व ती बाहेर थंडी असो वा ऊन असो, ती राखते. परंतु नुकतेंच अंड्यांतून निघालेलें पिलूं या बाबतींत आईपेक्षां पालीच्या जवळचें असतें. त्याच्या अंगावर पिसें नसतात, केवळ लव असते. देह लहान असल्यानें उष्णता चटकन् निघून जाते. आणि ती भरून काढण्याची शक्ति अंगीं यावयास दोन ते तीन आठवडे लागतात. तोंपर्यंत बाहेर थंडी पडली कीं त्याचें अंगही थंड होत जातें. गारठलेलें पिलूं खात नाहीं, पीत नाहीं. अंड्यांतील पिवळ्या बलकाचा जो अंश त्याच्या पोटांत शिदोरी म्हणून आलेला असतो, तो नीट जिरत नाहीं. ढुंगणास विष्ठा चिकटते. आणि जीं जगतात तींही मागें पडतात. मावळाकडे व खेडकडे कडक थंडीच्या रात्रीं पारा 10 अंश सेंटिग्रेडच्याही खालीं उतरतो, आणि पिलास पहिल्या आठवड्यांत 35 अंश पाहिजेत. ही 25 अंशांची तूट कोठून तरी भरून काढावी लागते.

कोंबडी ही तूट कशी भरते हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. ती सारें आंगण तापवीत नाहीं. पंखांखालीं एक उबेची जागा करते. पिलें गारठलीं कीं आंत शिरतात, ऊब आली कीं बाहेर येऊन दाणे टिपतात. ऊब केव्हां व किती घ्यावी हें पिलूं स्वतः ठरवितें. चांगल्या साधनाचें लक्षण यांतच आलें. म्हणून कोणतेंही साधन घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. एक, त्याची ऊब मोजतां व कमीअधिक करतां येते काय? दोन, पिलास उबेपासून दूर जाण्यास जागा राहते काय? तीन, तें साधन मध्यरात्रीं बंद पडलें अगर बिघडलें तर काय होईल? किंमतीचा प्रश्न यांच्या नंतरचा.

प्रथम मोजणीचें पाहूं. पहिल्या आठवड्यांत उबेखालीं 95 अंश फॅरनहाइट म्हणजे 35 सेंटिग्रेड, दुसऱ्यांत 90 म्हणजे 32, तिसऱ्यांत 85 म्हणजे सुमारें 29, आणि चौथ्यांत 80 म्हणजे सुमारें 27, याप्रमाणें दर आठवड्यास 5 अंश फॅरनहाइट उतरवीत जावें. पुढें पिसें भरल्यावर ऊब बंद करावी. उष्णतामापक भिंतीवर डोळ्यांसमोर टांगून उपयोग नाहीं. पिलें खालीं असतात, आपण वर. तो तुसापासून दोन इंच उंचीवर, पिलाच्या पाठीच्या पातळींत ठेवावा. शेड पिलें येण्यापूर्वीं एक दिवस तापवून ठेवावी. कारण हवा तापली तरी खालची फरशी व तूस थंड असल्यास पिलाची ऊब पायांवाटे जाते. पिलूं उचलून त्याचे पाय आपल्या गालास लावावे. थार लागले तर जमीन थंड आहे असें समजावें.

याहूनही खरा उष्णतामापक म्हणजे पिलें स्वतः. तीं उबेखालीं दाटी करून मोठ्यानें चिवचिवाट करूं लागलीं तर ऊब कमी. कडेला पळून चोंच उघडून धापा टाकूं लागलीं व पंख सोडून बसलीं तर ऊब जास्त. सारीं एकाच बाजूस सरकलीं तर समोरून वारा शिरत आहे. गोलभर सारखीं पसरून कांहीं खात, कांहीं पीत, कांहीं निजलेलीं दिसलीं म्हणजे ऊब बरोबर. रात्रीं दहा वाजतां व पहांटे चार वाजतां असें दोनदां उठून पाहावें. पहांटेची फेरी विशेष महत्त्वाची, कारण तीच वेळ सर्वांत थंड.

आतां जागेविषयीं. शेडच्या कोपऱ्यांत पिलें सोडूं नयेत. कोपरा म्हणजे ढीग, आणि ढीग म्हणजे मरण, हें वर सांगितलेंच आहे. पत्र्याचा अगर जाड पुठ्ठ्याचा दीड फूट उंचीचा पट्टा, ज्यास चिकगार्ड म्हणतात, तो गोल उभा करावा. 500 पिलांचे 125 चे चार गोल करावे. प्रत्येकाचा व्यास सहा ते सात फूट. ऊब मध्यभागीं, पाण्याचीं व खाद्याचीं भांडीं तिच्या कडेस, आणि बाहेरची कड थंड. पिलें वाढतील तसा गोल दोन-तीन दिवसांनीं मोठा करावा. खालीं भाताचें तूस दोन-तीन इंच पसरावें. मावळांत भातगिरण्यांतून तें सहज मिळतें.

यापुढें एकेका साधनाचा विचार करूं.

साधा तारेचा दिवा हा जुना व सोपा मार्ग. त्यांत जाणारी बहुतेक वीज उजेडापेक्षां उष्णतेंतच खर्च होते. घरांत हा दोष; पिलांच्या शेडमध्यें हाच गुण. थंडींत दर पिलास 2 वॅट हा हिशेब धरावा. उन्हाळ्यांत 1 वॅट पुरतो. परंतु हे दिवे बाजारांतून झपाट्यानें नाहींसे होत आहेत. दुकानदार जो देईल तो घेऊं नये. दिव्यावर छापलेले वॅट वाचूनच घ्यावा.

तांबड्या किरणांचा दिवा, ज्यास इन्फ्रारेड बल्ब म्हणतात, तो बहुधा 250 वॅटचा असतो. सूर्याप्रमाणें याची उष्णता किरणांच्या रूपानें थेट पिलाच्या अंगावर पडते; मधली हवा त्या मानानें थोडी तापते. म्हणून पडद्याच्या फटींतून थोडी ताजी हवा येऊं दिली तरी ऊब उडून जात नाहीं, हा मोठा लाभ. दर गोलास एक याप्रमाणें चार दिवे सुमारें दीड फूट उंचीवर टांगावे, व दर आठवड्यास थोडे वर घ्यावे. उंची बदलली कीं ऊब बदलते. एकच मोठें साधन घेण्यापेक्षां चार लहान बरीं. एक फुटलें तर तीन राहतात. दिवा विजेच्या तारेवर लोंबकळत न ठेवतां साखळीनें टांगावा, आणि होल्डर चिनी मातीचें घ्यावें, प्लास्टिकचें वितळतें. हा दिवा तुसावर पडला तर शेड पेट घेते, आणि तापलेल्या कांचेवर पाण्याचा थेंब उडाला तर कांच फुटते.

गॅस ब्रूडर हजार व त्याहून अधिक पिलांच्या शेडीस सोयीचें पडतें, व वीज गेली तरी चालतें. परंतु एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. गॅस जळतांना केवळ उष्णताच निघत नाहीं. 1 किलो गॅस जळला म्हणजे सुमारें दीड किलो पाणी वाफेच्या रूपानें व सुमारें 3 किलो कार्बन डायॉक्साइड शेडच्या हवेंत मिसळतो, आणि तितक्या प्रमाणांत हवेंतील प्राणवायु खर्च होतो. पडदे घट्ट बांधले तर तूस ओलें होतें, अमोनियाचा उग्र वास सुटतो, व प्राणवायु कमी पडून पुढें मांसल कोंबड्यांच्या पोटांत पाणी होण्याचा विकार वाढतो. यास्तव पडदा खालून बंद व वरून हातभर उघडा ठेवावा. हा गॅस हवेहून जड असल्यामुळें गळती झाल्यास तो जमिनीलगत सांचतो. टाकी शेडच्या बाहेर ठेवून नळी आंत घ्यावी. घरच्या स्वयंपाकाची 14.2 किलोची टाकी या कामास लावणें नियमाविरुद्ध आहे. धंद्याकरितां 19 किलोची टाकी असते.

कोळशाची शेगडी अगर लांकूड-भुशाची बुखारी ही सर्वांत स्वस्त वाटते, आणि योग्य काळजी न घेतल्यास सर्वांत महाग पडते. अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत शिरून प्राणवायूची जागा अडवितो. मनुष्य झोपेंत असला तर त्याला कळतही नाहीं. आमचा पुतण्या याच वायूच्या तावडींतून सुटला. बुखारी वापरणेंच भाग असेल तर धुराडें पत्र्याच्या बाहेर काढलेलें असावें, विस्तव शेडबाहेर पूर्ण पेटवून मग आंत आणावा, आणि जेथें विस्तव जळत आहे त्या बंद शेडमध्यें कोणीही, मग तो मालक असो वा गडी, निजूं नये. पिलें पुन्हां आणतां येतात.

याच संबंधांत आमच्या भागापुरती एक सूचना. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून माल बांधणीचीं लांकडें, फळ्या व प्लायवुडचे तुकडे स्वस्तांत मिळतात, व तेच बुखारींत घातले जातात. प्लायवुडमध्यें डिंकासारखीं रसायनें असतात, कांहीं फळ्यांस रंग असतो; त्यांचा धूर पिलांच्या कोवळ्या फुप्फुसांस बाधतो. परदेशीं जाणाऱ्या पेट्यांच्या व पॅलेटच्या लांकडावर शिक्का असतो. त्यांत इंग्रजी 'एच. टी.' अक्षरें असल्यास कीड मारण्यासाठीं लांकूड केवळ तापविलेलें आहे, 'एम. बी.' असल्यास त्यास मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. अशीं 'एम. बी.' शिक्क्याचीं, रंगविलेलीं अगर तेल सांडलेलीं लांकडें बुखारींत मुळींच घालूं नयेत.

आतां खर्चाचा हिशेब, जो आम्हांस जन्माची संवय. 500 पिलांस 1000 वॅट, रात्रीचे 14 तास, म्हणजे 14 युनिट. सात रात्रींचे 98 युनिट. 1 किलो गॅसमध्यें ढोबळमानानें 13 युनिटांइतकी उष्णता असते. म्हणजे तेंच काम कागदावर साडेसात किलो गॅसनें होतें. प्रत्यक्षांत गॅसची तापलेली हवा वर जाऊन उघड्या पडद्यावाटे निघते, म्हणून थोडा अधिक धरावा. टाकीची किंमत 19 नें भागून एका किलोचा भाव काढावा, त्यास पुन्हां 13 नें भागावें, व येणारा आंकडा आपल्या बिलांतील एका युनिटाच्या दराशीं ताडून पाहावा. बिलावरील वर्गवारीही वाचावी. कुक्कुटपालनाच्या जोडणीस घरगुतीहून वेगळा दर लागतो. भाव बदलतात, रीत बदलत नाहीं. आणि या बेरजेंत मेलेल्या पिलांची किंमत धरावयास विसरूं नये. आमच्या पहिल्या रात्रीं विजेची जी बचत झाली, ती 41 पिलांच्या किंमतीपुढें कांहींच नव्हती.

राहिला तिसरा प्रश्न, बंद पडण्याचा. घरचा इन्व्हर्टर उपयोगी पडेल असें कित्येकांस वाटतें. 12 व्होल्टच्या 150 अँपिअर-तासांच्या बॅटरींत फार तर 1.8 युनिट वीज सांठते. 1000 वॅटचे दिवे ती दीड तासही धड चालवीत नाहीं. म्हणून जेथें वीज रात्रीं तासन्तास जाते, तेथें दिव्यांच्या जोडीस एक गॅस ब्रूडर अगर जनित्र तयार असलेंच पाहिजे, आणि तें दिवसा एकदां चालवून पाहिलेलें असलें पाहिजे. ऐनवेळीं कांहींच नसेल तर गोल लहान करून त्याच्या अर्ध्या भागावर गोणपाट धरावें व पिलांवर नजर ठेवून बसावें.

पालीच्या पेटीस होती तशी आपोआप चालू-बंद होणारी कळ, जीस थर्मोस्टॅट म्हणतात, ती आतां शेडच्या दिव्यांसाठींही मिळते. तिचें टोक पिलांच्या पाठीच्या पातळींत ठेवलें म्हणजे पहांटे दिवे आपोआप लागतात व दुपारीं विझतात. वीज वांचते, पिलें भाजत नाहींत. मात्र 1000 वॅटचा भार पेलणारी कळ घ्यावी, व चारही दिवे एकाच कळीवर ठेवूं नयेत. तिच्यावर विसंबून रात्रीची फेरीही सोडूं नये.

तात्पर्य, दोन-तीनशें पिलें व बऱ्यापैकीं वीज असेल तेथें तांबड्या किरणांचे दिवे व कळ. पांचशेंपर्यंत तेच, परंतु जोडीस गॅस. हजारापुढें गॅस मुख्य व दिवे जोडीस. आणि कोळसा केवळ निरुपायानें, धुराड्यासह. खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून आणलेलीं असोत कीं खाजगी कंपनीचीं असोत, पिलांची जात कोणतीही असली तरी पहिल्या रात्रीं सर्वांची गरज एकच असते.

सांप्रत आमच्या शेडमध्यें चार दिवे, दोन कळा, चार उष्णतामापक व एक गॅस ब्रूडर आहे. पुतण्या घरीं निजतो व घड्याळ लावून चार वाजतां उठतो. गेल्या थंडींत 500 पिलांच्या तुकडींत पहिल्या आठवड्याची मयत 7 झाली. तो आंकडाही आम्हांस खटकतोच. परंतु 41 च्या पानावरून 7 च्या पानावर येण्यास जें कारण झालें, तें वाचकांपुढें मांडणें आम्हांस कर्तव्य वाटलें. ज्यांच्या घरीं या महिन्यांत पिलें येणार असतील त्यांनीं आज सायंकाळींच दिव्यावरचे वॅट वाचावे व एक उष्णतामापक विकत आणावा.